फ्लेक्स उतरल्यावर आठवण कुठे राहते?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

३० मे १९४२ ची रात्र. इंग्लंडमधल्या लिंकन शहराजवळच्या स्केलिंगथॉर्प विमानतळावरून एक 'मँचेस्टर' बनावटीचं बॉम्बर विमान उडालं. चालवणारा होता लेस्ली मॅन्सर. वय वर्षं २०. विसावा वाढदिवस होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. या वयाचं पोरगं आपल्याकडे एस.वाय.ला असतं आणि घरचे म्हणतात, "अजून लहान आहे हो, काय कळतंय त्याला!" या पोराच्या हातात विमान होतं, आपल्यासोबतच्या सहा जणांचा जीव होता आणि पोटात आग लावणाऱ्या बॉम्बचा साठा होता.

आता कुणी म्हणेल, पत्रकार साहेब, हे गोऱ्यांचं काय काढलंत मध्येच? आपल्या तालुक्यात प्रश्न कमी आहेत का? सांगतो. आपल्या प्रश्नाशीच आणून जोडतो. आधी गोष्ट ऐका.

हा लेस्ली जन्मला कुठे, तर आपल्या नवी दिल्लीत. ११ मे १९२२. वडील इथल्या पोस्ट आणि तार खात्यात इंजिनिअर. पोरगं काही वर्षं दार्जिलिंगजवळच्या कुर्सियांगच्या शाळेत शिकलं, मग इंग्लंडला गेलं. युद्ध सुरू झाल्यावर भरतीला उभा राहिला, तर लष्कराने घेतलं नाही, नौदलानेही घेतलं नाही. शेवटी हवाई दलाने घेतलं. आपल्याकडची पोरं पोलीस भरतीत नापास झाली की एसआरपीला, तिथून होमगार्डला फॉर्म भरतात ना, तशातलीच ही गत. कुठेतरी वर्दी अंगावर चढली पाहिजे, बस्स.

त्या रात्री निशाणा होता जर्मनीतलं कोलोन शहर. ब्रिटिश बॉम्बर दलाचा प्रमुख आर्थर हॅरिस याला एका रात्रीत एका शहरावर हजार विमानं पाठवून दाखवायची होती. हा 'हजार'चा आकडा लष्करी तर होताच, पण तो दाखवायचाही होता. सरकारला दाखवायचा, लोकांना दाखवायचा, शत्रूलाही दाखवायचा. आकडा भरेना म्हणून प्रशिक्षण केंद्रांतली विमानं आणि अजून शिकत असलेली पोरंसुद्धा उतरवली गेली. शेवटी १०४७ विमानं गेली.

मॅन्सरच्या वाट्याला आलेलं विमान म्हणजे त्या काळातलं बदनाम गाडं. मँचेस्टरच्या इंजिनांवर कुणाचाच भरवसा नव्हता. ती तापायची, पेटायची, आणि एक बंद पडलं तर दुसऱ्यावर विमान तग धरेलच असं नव्हतं. हे वरच्यांना माहीत होतं. ही विमानं मोडीत काढायचं ठरलेलंही होतं, आणि पुढच्याच महिन्यात ती मोहिमांमधून कायमची काढली गेली. पण त्या रात्री आकडा भरायचा होता.

विमान वर चढेना. बाकीची विमानं उंचावरून जात असताना हा सात हजार फुटांवर. परत फिरला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. फिरला नाही. शहरावर पोचला, सर्चलाइटच्या झोतात सापडला, तोफांचे गोळे लागले. तरी बॉम्ब टाकले. झोतातून सुटायला विमान जेमतेम हजार फुटांपर्यंत खाली आणलं. मागचा तोफची जखमी, आत धूर कोंडलेला, डावं इंजिन तापत चाललेलं. तिथेच उड्या टाकल्या असत्या तर सगळे वाचले असते, फक्त कैदेत गेले असते. पण पोरांना घरी न्यायचं म्हणून याने विमान परतीच्या वाटेला लावलं.

बेल्जियमवर आल्यावर इंजिनाने पेट घेतला. आग विझली, पण विमान उंची सोडत होतं. मग याने हुकूम दिला, उड्या टाका. एकेक करत सगळे निघाले. शेवटी उरला सार्जंट बेव्हिस्टॉक. त्याने मॅन्सरचं पॅराशूट उचलून त्याच्यापुढे धरलं. मॅन्सरने ते हाताने बाजूला सारलं आणि त्याला उडी मारायला सांगितलं. कारण त्याने कांडी सोडली असती तर विमान पलटलं असतं आणि दोघंही गेले असते. बेव्हिस्टॉक उडाला. जमीन इतकी जवळ होती की पॅराशूट पुरतं उघडलंच नाही. तो पाण्याने भरलेल्या चरात पडला म्हणून वाचला. तेवढ्यात विमान कोसळलं आणि पेटलं. आत एकटा मॅन्सर.

सहाच्या सहा जण वाचले. एक जण जर्मनांच्या हाती लागला. बाकी पाच जणांना बेल्जियमच्या लोकांनी लपवलं आणि 'कॉमेट' नावाच्या गुप्त साखळीने फ्रान्स, स्पेन असं करत इंग्लंडला पोचवलं. त्या साखळीची म्होरकी होती आंद्रे द जाँ. वय किती? पंचवीसच. पुढे ती पकडली गेली, छळछावणीत गेली, जगली. तिच्या वडिलांना मात्र जर्मनांनी गोळ्या घातल्या. परतलेल्या पाच जणांनी काय घडलं ते सांगितलं, म्हणून मॅन्सरला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. विचार करा, ही पाच माणसं परतली नसती तर १०४७ पैकी न परतलेल्या ४१ विमानांमधलं हे एक विमान, एवढीच त्याची नोंद राहिली असती. शौर्य करणाऱ्याचं असतं, पण ते सांगायला कुणीतरी जिवंत उरावं लागतं.

इथे गोष्ट थांबवली असती तर व्हॉट्सॲपवर छान फॉरवर्ड झाली असती. खाली दोन तिरंगे, एक सलाम, विषय संपला. पण अर्धी गोष्ट अजून बाकी आहे.

त्याच रात्री खाली कोलोनमध्ये साडेचारशेहून जास्त माणसं मेली. त्यात सैनिक साठसुद्धा नव्हते. बाकी सगळे घरातले लोक. पाच हजारांवर जखमी झाले. चाळीस हजारांहून जास्त लोकांची घरं गेली. ज्या पोराने आपल्या सहा सोबत्यांसाठी पॅराशूट नाकारलं, त्याच पोराच्या विमानातून त्या आगीतली थोडी आग पडली होती. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

मी वीसएक वर्षं या धंद्यात आहे. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळलीय. लोकांना दोन्ही खरं एकत्र ऐकायला आवडत नाही. एकाला फक्त देव पाहिजे, दुसऱ्याला फक्त राक्षस. वीस वर्षांचं पोरगं मात्र दोन्ही नसतं. ते वीस वर्षांचं पोरगं असतं.

खुद्द ब्रिटिशांनाही हे जमायला किती वर्षं लागली बघा. बॉम्बर दलात सुमारे सव्वा लाख उड्डाण करणारी माणसं होती. त्यातली ५५ हजार ५७३ मेली. म्हणजे जवळजवळ निम्मी. मेलेल्यांचं सरासरी वय २३. एवढी माणसं गमावलेल्या दलाचं लंडनमधलं मोठं स्मारक कधी उभं राहिलं? २०१२ साली. युद्ध संपून ६७ वर्षं झाल्यावर. का? कारण युद्ध संपल्यावर जळालेल्या शहरांचे फोटो समोर आले आणि ज्या राजकारण्यांनी हुकूम दिले होते तेच अंग काढून घ्यायला लागले. या दलाला स्वतंत्र पदकसुद्धा मिळालं नाही. वर्दीवरच्या पट्टीला लावायची एक छोटी पट्टी मिळाली, तीही २०१३ मध्ये. तोवर बहुतेक म्हातारे गेले होते. मात्र हुकूम देणाऱ्या हॅरिसचा पुतळा १९९२ मध्येच उभा राहिला होता. त्यावर लोकांनी लाल रंग ओतला, ते वेगळं.

आधी साहेबाचा पुतळा, पोरांचं स्मारक वीस वर्षांनी. हा क्रम ओळखीचा वाटतो ना? फक्त भाषा वेगळी, बाकी तालुका तोच.

पण याच लिंकनमध्ये पुढे एक चांगलं काम झालं, त्यासाठी ही पोस्ट. २०१८ मध्ये तिथे बॉम्बर कमांडचं एक केंद्र उघडलं. टेकडीवर एक उंच लोखंडी मनोरा. त्याची उंची लँकेस्टर विमानाच्या पंखांच्या लांबीएवढी, ३१ मीटरच्या थोडी वर. त्याच्याभोवती भिंती आणि त्यांवर जवळजवळ ५८ हजार नावं. हुद्दा नाही, पदक नाही. साहेबाचं नाव आणि पोऱ्याचं नाव एकाच आकारात. आणि आत काय? विमानातल्या पोरांच्या आठवणी आहेतच, पण ज्यांच्यावर बॉम्ब पडले त्या जर्मन, इटालियन लोकांच्या आठवणीही तितक्याच जपून ठेवल्या आहेत. कुणी म्हटलं नाही की हा आमच्या शहिदांचा अपमान आहे. उलट, पूर्ण गोष्ट सांगितल्यामुळे त्या नावांचं वजन वाढलं.

आणि मॅन्सरचं काय? ज्या विमानतळावरून तो उडाला तिथे आता वस्ती झालीय. त्या वस्तीतल्या प्राथमिक शाळेला त्याचं नाव आहे. म्हणजे रोज सकाळी सहा-सात वर्षांची पोरं दप्तर घेऊन त्याच्या नावाखालून आत जातात. बेल्जियममध्ये जिथे तो पडला त्या भागात गावकऱ्यांनी २००४ मध्ये त्याचं स्मारक उभारलं. तिथल्याच हेव्हर्लीच्या दफनभूमीत तो आहे. दिल्लीत जन्मलेला, कुर्सियांगला शिकलेला, इंग्लंडकडून लढलेला, बेल्जियमच्या मातीत गेलेला.

आता आपल्याकडे या.

१९४२ म्हटलं की आपल्याला ऑगस्ट आठवतो, 'चले जाव' आठवतं, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच वर्षांत आपलीही हजारो पोरं त्याच इंग्रजाच्या वर्दीत आफ्रिका, इटली, ब्रह्मदेशात लढत होती. सातारा जिल्ह्यात पुढे प्रतिसरकार उभं राहिलं आणि त्याच जिल्ह्यातून पलटणीत जवानही जात होते. एक पोरगं भूमिगत, दुसरं पलटणीत. आपल्या इतिहासाच्या पुस्तकाला पहिलं पोरगं सांगता येतं, दुसरं सांगताना जीभ अडखळते. कारण तेच. दोन्ही खरं एकत्र सांगायची सवय नाही.

रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे घ्या. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. सोबतचे सगळे ठार किंवा जखमी, एकटे घाडगे उभे. ते थेट मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेड टाकला, गोळ्या झाडल्या, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना संपवलं. मग लपलेल्या शत्रूची गोळी लागली. वय २२. त्यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. मॅन्सरला मिळाला तोच. त्यांची कबरसुद्धा नाही. इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

माणगावात त्यांचा पुतळा आहे, तिथल्या लोकांनी आठवण जपलीय, त्यांना सलाम. पण माणगाव सोडून चार तालुके पलीकडे जा आणि दहावीच्या वर्गात विचारा, यशवंत घाडगे कोण. मी काय सांगायचं, तुम्हीच विचारून बघा. आणि इटलीत? तिथल्या मोंतोने नावाच्या छोट्या गावाने २०२३ मध्ये घाडग्यांच्या नावाने स्मारक उभारलं. सूर्यघडीच्या रूपात. त्यावरच्या मजकुराचा अर्थ असा, की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. ज्यांच्या डोंगरात आपलं पोरगं लढून मेलं, त्या परक्या गावाला त्याचं नाव ८० वर्षांनी आठवलं.

आता आपला नेहमीचा कार्यक्रम आठवा. जवानाचं पार्थिव गावात येणार असं कळलं की रात्रीतून फ्लेक्स लागतात. फ्लेक्सवर जवानाचा फोटो मध्ये, आणि खाली-वर-बाजूला बारा पुढाऱ्यांचे. कधीकधी जवानापेक्षा पुढारी मोठा. अंत्ययात्रेला अख्खी पंचक्रोशी लोटते, आणि लोकांचे अश्रू खरेच असतात, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बंदुकीच्या फैरी होतात, 'अमर रहे' होतं. मग माईकवर घोषणा. रस्त्याला नाव देऊ, कमान बांधू, स्मारक करू, मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी आमची. टाळ्या. बातमी आम्हीही छापतो, चार कॉलम फोटोसह.

मग दहाव्याला गर्दी निम्मी. वर्षश्राद्धाला घरचे आणि दोन माजी सैनिक. ज्या घोषणा आम्ही छापल्या, त्यांतल्या किती पूर्ण झाल्या याची बातमी कोण छापतो? मी एका गावात अशी कमान पाहिलीय, जिचे दोन खांब उभे आहेत आणि वरची कमान सहा वर्षांनंतरही आलेली नाही. खांबांना म्हशी बांधतात. नाव घेत नाही, कारण ज्यांनी घोषणा केली ते पण ही पोस्ट वाचतील आणि ज्या माउलीचं पोरगं गेलं ती पण वाचेल. तिला अजून दुखवायचं नाही.

ऐंशीच्या दशकात राज्यभर स्वातंत्र्यलढ्यातल्या हुतात्म्यांची दोनशेच्या आसपास स्मारकं सरकारने बांधली होती. कल्पना उत्तम होती. आज त्यातली अनेक कशी आहेत ते जाऊन बघा. काच फुटलेली, गवत माजलेलं, रात्री बसायची जागा झालेली. भिंत बांधली म्हणजे आठवण झाली असं आपण धरून चालतो. भिंत झाडणारा माणूस आणि भिंतीवरचं नाव वाचून दाखवणारा मास्तर, हे दोघं बजेटमध्ये नसतात.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे, पण लिहितो. सीमेवर तणाव झाला की आपल्या मोबाइलवर जे चालू होतं ते तुम्ही पाहता. "उडवून टाका", "नकाशावरून पुसा", वर ढिश्कॅंव ढिश्कॅंव म्युझिक लावलेली रील. ही रील बनवणारं पोरगं मॅन्सरच्याच वयाचं असतं, फक्त ते सोफ्यावर असतं. मी युद्ध कधीच करू नये म्हणणाऱ्यांतला नाही. हिटलरला कुणीतरी थांबवायलाच हवं होतं, आणि आपल्यावर चालून येणाऱ्यालाही थांबवावंच लागतं. पण ज्याला कोलोन माहीत आहे आणि मॅन्सरही माहीत आहे, तो 'उडवून टाका' असं सहज टाइप करू शकत नाही. करायची वेळ आलीच तर जड मनाने करेल. सैनिक माणूसही तसाच बोलतो. आपल्या गल्लीतल्या एखाद्या माजी सैनिकाशी बोला, सगळ्यात कमी आरडाओरडा तोच करतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शहिदाची आठवण म्हणजे त्याचा देव करणं नव्हे. देव केला की प्रश्न विचारता येत नाहीत. बिघडकं विमान त्याला कुणी दिलं? आकडा भरायला शिकाऊ पोरं कुणी पाठवली? दिलेला शब्द कुणी पाळला नाही? हे प्रश्न फक्त माणसाबद्दल विचारता येतात. आणि तो माणूस होता, त्याला भीती वाटत असणार, त्याला घरी जायचं होतं, हे धरूनच त्याने केलं त्याची किंमत कळते. देवाने पॅराशूट नाकारलं तर त्यात काय मोठं? वीस वर्षांच्या पोराने नाकारलं, ते मोठं.

आपल्या तालुक्यापुरतं काय करता येईल? निधी लागत नाही असं सांगतो.

एक. प्रत्येक गावातून दोन्ही महायुद्धांपासून आजपर्यंत जे कामी आले त्यांची यादी करायची. नाव, गाव, जन्म, पलटण, कुठे पडले, कोणत्या वर्षी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात काही माहिती मिळेल, बाकीची घराघरातल्या ट्रंकेत आहे. पदकं, पोस्टकार्डं, पिवळे पडलेले फोटो. महायुद्धातल्यांसाठी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची यादी इंटरनेटवर फुकट आहे, नाव टाकलं की कबर किंवा स्मारक सापडतं. कॉलेजच्या एनएसएसच्या पोरांना हे काम द्या, हिवाळी शिबिरात रस्ता झाडण्यापेक्षा बरं.

दोन. १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की भाषणं नंतर, आधी त्या गावच्या नावांचं वाचन. शाळेतल्या पोरीने वाचावं. प्रत्येक नावामागे वय सांगायचं. नाव, २१ वर्षं. नाव, २४ वर्षं. बाकी काही बोलायची गरज पडणार नाही.

तीन. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर जवानाशिवाय कुणाचाही फोटो नको. एवढा एक ठराव ग्रामसभेत घ्या. पहिली ग्रामपंचायत जी हा ठराव घेईल तिची बातमी पहिल्या पानावर छापून आणायची जबाबदारी माझी.

चार. व्यासपीठावरून दिलेला शब्द लिहून ठेवायचा. कोण, कधी, काय म्हणाला. दर वर्षी त्याच तारखेला मी तो इथेच टाकणार, झालं की नाही तेही टाकणार. वाईट वाटून घेऊ नका साहेब, आधीच सांगून ठेवतोय.

आणि तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत कुणी असं गेलेलं असेल, तर खाली कमेंटमध्ये नाव आणि गाव टाका. जेवढं माहीत असेल तेवढं. आजोबा फक्त "इटलीत होते" एवढंच सांगायचे, तर तेवढंच लिहा. यादी इथूनच सुरू करू.